विमचा एकविसावा दिवस

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज कोड लिहिताना माउसला एकदाही हात लावला नाही. विम हा फक्त कीबोर्डवर चालवता येणारा टेक्स्ट एडिटर शिकायला घेतल्याला आज एकवीस दिवस झाले. त्यात लिहिण्याचा मोड सोडला, की प्रत्येक की म्हणजे अक्षर नाही, आज्ञा असते.

पहिला आठवडा फार जड गेला. दोन मिनिटांच्या दुरुस्तीला दहा मिनिटं लागायची, अक्षर उमटण्याऐवजी अख्खी ओळच उडायची. पण रोज सकाळी कामाला बसण्याआधी विमसोबतच येणाऱ्या विमट्यूटरचा अर्ध्या तासाचा धडा गिरवायचा, हा नेम मोडला नाही. त्यानेच तारून नेलं.

कर्सर हलवायला बाणांऐवजी एच, जे, के, एल कशाला, हा प्रश्न तेव्हा छळायचा. १९७६च्या सुमारास बर्कलीत बिल जॉयने विमचा पूर्वज व्हीआय लिहिला, तो एडीएम-३ए टर्मिनलवर. त्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या की नव्हत्याच, बाण या चार अक्षरांवरच छापलेले होते. आणि लिहिण्याच्या मोडमधून बाहेर पडायची एस्केप होती आज टॅब असते तिथे, करंगळीजवळ. हे वाचलं आणि मी कॅप्स लॉकचीच एस्केप करून टाकली. करंगळीची ओढाताण थांबली.

दुपारी एका फाइलमधले तीसेक पत्ते बदलायचे होते. प्रत्येक ओळीत अवतरणचिन्हांत एक पत्ता, जुने सगळे वेगवेगळे, नवा मात्र एकच. पहिल्या ओळीवर सी, आय, अवतरणचिन्ह. आतलं सगळं पुसलं गेलं. नवा पत्ता लिहिला, एस्केप. मग जे, टिंब. जे, टिंब. जे म्हणजे एक ओळ खाली, टिंब म्हणजे मघाचीच कृती पुन्हा. तीस ओळी खाली सरकत गेले आणि शेवटी लक्षात आलं, की मी बोटांकडे पाहतच नव्हते.

ही पाठ करायची बटणं नाहीत, ही भाषा आहे, हे मला तिथे खरं पटलं. सी म्हणजे ‘बदल’, डी म्हणजे ‘काढ’, आय-डब्ल्यू म्हणजे कर्सरखालचा शब्द, आय-पी म्हणजे परिच्छेद. एक क्रियापद शिकलं की ते सगळ्या नामांना लागतं. फक्त क्रियापद आधी येतं. आपण ‘शब्द काढ’ म्हणतो, विम ‘काढ शब्द’ म्हणतो. व्हिज्युअल मोडमध्ये मात्र आधी शब्द निवडायचा, मग काढायचा, थेट मराठीच्या क्रमाने! म्हणूनच सुरुवातीला मला तोच मोड जवळचा वाटत असावा.

मराठीत टिपणं लिहिताना एक अडचण येते. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असताना एस्केप मारून जे दाबलं, की विमला ‘र’ मिळतो आणि कर्सर जागचा हलत नाही. यावर विमचा स्वतःचा कीमॅप, म्हणजे कोणत्या कीने कोणतं अक्षर उमटायचं ते सांगणारी फाइल, हा उपाय आहे: तो लिहिण्याच्या मोडमध्ये लागू होतो, आज्ञांना लागत नाही, कंट्रोल-सहाने चालू-बंद होतो. माझी फाइल निम्मी झालीय, जोडाक्षरं तपासायची आहेत.

झोपण्याआधी विम नुसताच उघडला. युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, ही ओळ रोज समोर यायची आणि मी पुढे जायचे. आज थांबून मदतीचं पान वाचलं. ब्राम मूलेनारने १९९१मध्ये विम पहिल्यांदा लोकांना दिला, आणि २०२३मध्ये तो गेला तोपर्यंत त्यावर काम करत राहिला. विम फुकट वापरा, आवडला तर युगांडातल्या किबालेच्या मुलांसाठी द्या, एवढंच त्याचं मागणं. पगार झाला की पैसे पाठवायचे, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.