ट्रेलरचा तळ झाला: फोम पाइपांच्या मध्ये आणि पाइपांच्या वरही

मंडळी, मी बनवत असलेल्या कॅम्पर ट्रेलरची (गाडीमागे ओढायची, आत झोपता येईल अशी छोटी खोली) चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, रंगवून झाल्यापासून ज्या कामाची ओढ होती ते तळाचं इन्सुलेशन आता पूर्ण झालं. भिंती अजून उभ्या राहायच्या आहेत. पण हा टप्पा एकदा प्लायखाली गेला की पुन्हा उघडता येत नाही, म्हणून सविस्तर लिहून ठेवतोय.

पुण्यात थंडी ती काय, तळाला इन्सुलेशन हवंच कशाला, असं बरेच जण विचारतात. छताबद्दल असं कुणी विचारत नाही, कारण ऊन वरून येतं हे सगळ्यांना दिसतं. मे महिन्यातल्या दुपारी डांबर ५५-६० अंशांपर्यंत तापतं आणि ट्रेलरचा तळ त्याच्यापासून जेमतेम हातभर उंच असतो. डिसेंबर-जानेवारीत नेमकं उलटं. रात्री पारा शहरातच दहाच्या खाली उतरतो, पानशेत किंवा पवनेच्या काठाला तर अंगात हुडहुडी भरते. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत चाकांनी उडवलेलं चिखलपाणी थेट तळावर येतं.

त्यात आतल्या ओलाव्याची भर. दोन माणसं बंद कॅम्परमध्ये झोपली की श्वासातून, घामातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत मिसळतं. आत २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, येतो साधारण १३ अंशांवर. बाहेर ९ अंश असतील तर जिथे जिथे लोखंड आतपर्यंत पोचलंय तिथे तिथे पाणी सुटणार. ही जागा बहुतेक वेळा गादीखाली असते, त्यामुळे काळी बुरशी चांगली पसरेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून माझं लक्ष फोमच्या जाडीपेक्षा पाइपांकडे जास्त होतं. सगळीकडे दिसणारी पद्धत अशी, की चौकटीच्या पाइपांमध्ये फोमचे तुकडे बसवायचे आणि वरून थेट प्लाय ठोकायचा. लोखंडाची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला ५० वॅटच्या आसपास, एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन) या कडक फोमची ०.०३३. म्हणजे दीड हजार पटींचा फरक! मधला फोम कितीही भारी घेतला तरी आमटीत राहिलेल्या स्टीलच्या चमच्यासारखा प्रत्येक पाइप उष्णता वर आणत राहतो. पाइपांवरून एक सलग थर गेलाच पाहिजे, मग तो पातळ का असेना. या एका गोष्टीवर मी तडजोड केली नाही, आणि तळ बनवणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगेन.

आता माझे थर, खालून वर. चासी ४० बाय ४० च्या दोन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपची, आडवे पाइप दर दोन फुटांवर. पाइपांच्या मधल्या खणांत ४० मिमी एक्सपीएस, म्हणजे पाइपच्या वरच्या अंगाशी अगदी सपाट. त्यावर सगळ्या तळभर २५ मिमी एक्सपीएसचा सलग थर. त्यावर १२ मिमी मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय. खणांत एकूण ६५ मिमी फोम मिळतो आणि सर्वांत कमजोर जागी, पाइपच्या डोक्यावर, २५ मिमी. आतली उंची सलग थरापायी इंचभर कमी झाली, ती मी आनंदाने दिली.

एक्सपीएसच का? ग्लासवूल तळाला नकोच. एकदा पाणी प्यायलं की ते वाळत नाही आणि पावसाळ्यात ते पिणारच. मखरांसाठी वापरायचो तो साधा थर्माकोल स्वस्त पडतो, पण त्याच्या दाण्यांच्या फटींतून ओल हळूहळू शिरते. पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) उष्णता अडवण्यात एक्सपीएसपेक्षा सरस आहे, पण कापलेल्या कडा उघड्या राहिल्या की ओल धरतो, आणि आपल्या कामात कडाच कडा असतात. एक्सपीएसच्या पेशी बंद असतात, शिवाय दाबाला तो पक्का असतो. नेहमीची शीट चौरस मीटरला वीसेक टन दाब सहज झेलते. प्लाय वजन पसरवत असल्यामुळे मधे लाकडी पट्ट्यांचं जाळं लागत नाही. मी फक्त चारी कडांना आणि कपाटं जिथे येणार तिथे २५ मिमीच्या सागवानी पट्ट्या दिल्या, स्क्रू धरायला. चांदीसारखा चकचकीत बबल फॉइल मात्र इथे निरुपयोगी. त्याच्यासमोर हवेची पोकळी असेल तरच तो उष्णता परत फेकतो. प्लाय आणि फोमच्या मध्ये दाबून बसवला तर त्याचा काही उपयोग नाही.

फोम गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणाऱ्यांना माल पुरवणाऱ्याकडे मिळाला. १२५० बाय ६०० मिमीच्या शीट येतात, त्यामुळे माझ्या आठ बाय चार फुटांच्या तळाला वरच्या थरात चार शीट जवळजवळ न कापता बसतात. प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून, आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का स्वतः बघून घेतला. सीलंट, स्क्रू, पट्ट्या बोहरी आळीतून.

नऱ्ह्याच्या शेडमधले वेल्डिंगवाले मामा या कामात जिवाभावाने होते. त्यांचं म्हणणं, "दादा, खालून पत्रा मारून टाकू, एकदम पॅक होईल." मी विचारलं, "पण मामा, आत गेलेलं पाणी मग बाहेर कुठून जाणार?" यावर बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी आम्ही सनपॅक शीट लावली, तीच, निवडणुकीच्या फलकांची, आत पोकळ नळ्या असलेली प्लास्टिकची. वजनाला हलकी, गंजत नाही, बारीक खडी उडाली तर झेलते. तिच्यातल्या नळ्या लांबीच्या दिशेने ठेवल्या, पुढची तोंडं सीलंटने बंद, मागची जाळी लावून उघडी. प्रत्येक खणाच्या कोपऱ्यात पाणी निथळायला एक भोक. सनपॅक धरायला खालून २५ बाय ३ ची गॅल्व्हनाइझ्ड पट्टी. मामांनी हे सगळं करताना एक नियम घातला आणि तो सोन्यासारखा आहे: वेल्डिंग आणि ग्राइंडरचं शेवटचं काम संपल्याशिवाय फोम शेडमध्ये आणायचाच नाही. एक्सपीएस पेटतो, आणि ठिणगी कुठे जाऊन बसेल याचा भरवसा नसतो.

कापण्याबद्दल थोडं. पट्टी धरून कटरने अर्ध्या जाडीपर्यंत खोल रेघ मारायची आणि टेबलाच्या काठावर मोडायची. कट्‌कन आवाज येऊन कड सरळ तुटते, भुगा जवळपास शून्य. खणांतले तुकडे मी चारी बाजूंनी पाच-पाच मिमी लहान कापले आणि ती फट स्प्रे फोमने भरली. तुकडा ठोकून घट्ट बसवला तर कुठेतरी केसभर फट राहतेच आणि ती दिसत नाही. मुद्दाम ठेवलेली फट मात्र शेवटपर्यंत भरली जाते. स्प्रे फोम हवेतल्या ओलाव्यावर फुगतो आणि घट्ट होतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो आतून कच्चा राहू शकतो, म्हणून आधी फवारणीच्या बाटलीने फटीत पाण्याचा हलका शिडकावा दिला. डबा उलटा धरायचा, फट अर्धीच भरायची, बाकीची तो स्वतः भरतो. वर आलेला फोम दुसऱ्या दिवशी हॅक्सॉ ब्लेडने सपाट कापला. इथे ब्लेड आडवं टेकवून ओढलं की पाइप आणि फोम एकाच पातळीत येतात, आणि हाताने चाचपून बघितलं तर सांधा कळत नाही.

वरच्या थराचे जोड खालच्या पाइपांवर येणार नाहीत असे सरकवून घेतले आणि अॅल्युमिनियम टेपने बंद केले. चिकटवायला पीयू (पॉलियुरेथेन) अॅडहेसिव्ह. फर्निचरवाल्यांचं सॉल्व्हंटवालं रबर अॅडहेसिव्ह इथे चालत नाही, एक्सपीएस त्यात विरघळतो. नवीन डबा घेतला की आधी एखाद्या कपच्यावर लावून रात्रभर ठेवा.

प्लायच्या खालच्या अंगाला आणि सगळ्या कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात दिले. स्क्रू ५० मिमीचे, फक्त सागवानी पट्ट्यांतून पाइपात जाणारे. मधल्या भागात एकही नाही, तिथे अॅडहेसिव्ह आणि वरून विटांचं वजन. वजनाचा हिशेब ऐकून तुम्हालाही बरं वाटेल: फोमचे दोन्ही थर मिळून सहा-सात किलो, आणि एकटा प्लाय २३ च्या आसपास.

मग तपासणी. भर दुपारी ट्रेलर ढकलून ऊन खाल्लेल्या डांबरावर आणला आणि तापमानाची गन घेऊन बसलो. चकचकीत पट्टीवर गन चुकीचा आकडा देते, म्हणून तिथे काळा टेप लावून वाचलं. डांबर ५६, तळाचे पाइप ४७. वर प्लायवर पाइपच्या बरोबर डोक्यावर आणि खणाच्या मध्यभागी यांत अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता. पाइप कुठे आहेत हे गनला सापडलं नाही, हेच मला हवं होतं.

उंदरांचा विचार आत्ताच करून ठेवा. एक्सपीएस त्यांना खायला नको असतो, पण घर करायला फार आवडतो. वायरिंग आणि पाण्याच्या नळीसाठी तळातून जी भोकं जातात, त्यांना मी आतून बारीक स्टीलची जाळी आणि मग सीलंट लावलं.

पुढचं काम भिंतीची खालची चौकट. भिंत प्लायवर उभी करायची की प्लायच्या कडेला खाली उतरवायची, यावर अजून विचार चालू आहे. उतरवली तर प्लायची कड पावसापासून झाकली जाते, पण चासीचा बाहेरचा पाइप भिंतीला टेकतो आणि तिथे पुन्हा पातळ फोम घालावा लागेल. माझा कल उतरवण्याकडे आहे. ज्यांनी असा जोड केलाय आणि त्यावर निदान एक पावसाळा काढलाय, त्यांनी तो जोड कसा सील केला ते जरूर कळवा. चौकटीचं लाकूड त्यानंतरच कापणार आहे.