बडोद्यातील चित्रसंग्रह: शनिवार-रविवारचा प्रवास

चित्रकलेच्या विद्यार्थ्याने सुट्टीच्या दोन दिवसांत मुंबई पाहावी, असे सगळेच सांगतात. मी बडोदे पाहावे असे सांगेन. मी नाशिकला शिकतो आणि ज्या सयाजीराव महाराजांनी बडोद्यात चित्रे जमवली, ते मूळचे आमच्याच जिल्ह्यातील कवळाण्याचे. 1875 साली दत्तक जाऊन ते गादीवर आले, एवढे पाठ्यपुस्तकात असते. एका संस्थानिकाची चित्रांविषयीची आवड अर्धशतकात कशी बदलत गेली, हे मात्र इथल्या भिंतींवरच वाचता येते आणि त्यासाठी संग्रहालये ठरावीक क्रमाने पाहावी लागतात.

नाशिकहून मी सापुतारामार्गे रात्रीच्या बसने गेलो. मुंबईकरांना रेल्वे सोयीची. अंतर सुमारे 400 किलोमीटर आहे आणि गाड्या भरपूर आहेत. मुक्काम स्टेशनाजवळच्या सयाजीगंज भागात करावा. तिथे साधी लॉज मिळतात आणि सयाजीबागही जवळ पडते. मे महिन्यात चुकूनही जाऊ नये, डिसेंबर-जानेवारी उत्तम.

शनिवारची सकाळ लक्ष्मीविलास राजवाडा आणि त्याच आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालय यांसाठी राखावी. दोन्ही सोमवारी बंद असतात, त्यामुळे रविवारला जोडून सोमवारची रजा काढणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. राजवाडा 1890 साली पूर्ण झाला. त्याचे तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाला जाणवते. पैसे बेताचेच असतील, तर राजवाडा सोडून फक्त संग्रहालय पाहिले तरी चित्रकाराचे फारसे नुकसान होत नाही, असे माझे मत आहे. राजवाड्यात छायाचित्रे काढू देत नाहीत. वही आणि पेन्सिल मात्र दोन्हीकडे जवळ ठेवावी.

फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत आणि या प्रवासातला सर्वाधिक वेळ मी तिथेच घालवला. सयाजीरावांनी 1888 साली दरबारासाठी पौराणिक विषयांवरील 14 चित्रे त्याच्याकडून करून घेण्याचे ठरवले, ही गोष्ट आपण कलेतिहासाच्या तासाला ऐकलेली असते. पण आपल्या पिढीने रविवर्मा पाहिला तो कॅलेंडरवर आणि आजीच्या देवघरातल्या छापील तसबिरीत. ‘सीताभूमिप्रवेश’ किंवा ‘कीचक-सैरंध्री’ यांच्यासमोर उभे राहिल्यावर त्या छपाईत काय काय हरवले ते कळते. साडीच्या जरीकडे हातभर अंतरावरून पाहावे: तिथे जरीची तार नसतेच, पिवळ्या रंगाचे जाडसर, काहीसे घाईने टेकवलेले ठिपके असतात आणि चार पावले मागे सरकताच त्यांचा काठ होतो. शिळाछापाने, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईने, तो काठ गुळगुळीत करून टाकला. देवदेवतांचे चेहरे मला आजही थोडे नाटकी वाटतात, पण वस्त्रांच्या बाबतीत या माणसाला तोड नाही.

दुपारी रावपुऱ्यात तांबेकर वाडा पाहावा. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांच्या या लाकडी वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील चित्रे आहेत. कृष्णलीलांच्या शेजारीच गोऱ्या मडमाही दिसतात. सकाळची तैलचित्रे डोळ्यांसमोर असतानाच ही सपाट, छायाप्रकाश नसलेली चित्रे पाहिली, म्हणजे तैलरंगांनी किती मोठी उलथापालथ केली ते उमगते. परिसरात मराठी कानावर पडते आणि सेव-उसळ सर्वत्र मिळते. ती झणझणीत असते, हे सांगून ठेवतो.

रविवारी सयाजीबागेतील बडोदा संग्रहालय उघडण्याच्या वेळेलाच गाठावे, कारण दुपारनंतर बागेत कुटुंबांची गर्दी लोटते. हे सरकारी संग्रहालय असल्याने सुट्ट्यांची चौकशी निघण्यापूर्वी फोनवर करून घ्यावी. बहुतेक लोक ममी आणि देवमाशाचा सांगाडा पाहून परततात. आपण आधी अकोट्याच्या धातुमूर्तींकडे जावे. बडोद्याच्याच अकोटा भागात 1951 साली हा जैन मूर्तींचा ठेवा सापडला. त्यातील जीवंतस्वामी, म्हणजे संन्यास घेण्यापूर्वीच मुकुट-अलंकारांसह ध्यानस्थ उभे असलेले महावीर, आणि चांदी बसवलेल्या डोळ्यांचे ऋषभनाथ या दोन मूर्तींची रेखाटने अवश्य करावीत.

शेजारची चित्रशाळा युरोपीय चित्रांची आहे. इमारत 1914 साली तयार झाली, पण महायुद्धामुळे चित्रे इंग्लंडमध्येच अडकून पडली आणि चित्रशाळा 1921 साली उघडली. संग्रहाची निवड मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाच्या हातून झाली. सगळीच चित्रे अव्वल नाहीत; परंतु परदेशी जाण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला जुने युरोपीय तैलचित्र समोरासमोर पाहायला मिळणे हे थोडेथोडके नव्हे.

कीर्तिमंदिर शेवटी ठेवावे. विश्वामित्री नदीजवळची ही गायकवाड घराण्याची स्मारकवास्तू 1936 सालची आहे. आत चार भिंतींवर शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात गंगावतरण, मीराबाईचे जीवन, रवींद्रनाथ टागोरांचे नाटक ‘नटीर पूजा’ आणि महाभारतातील युद्ध रंगवले. रविवर्म्याला बोलावणाऱ्या घराण्याने पुढे त्याच्या नेमक्या उलट वाटेच्या चित्रकाराला भिंती दिल्या, ही बाब मला साऱ्या बडोद्यात सर्वांत विलक्षण वाटली. इथे छायाप्रकाश नाही, मखमल नाही. युद्धाच्या भिंतीवर घोडे, रथ आणि माणसे केवळ रेषेच्या वेगावर धावतात. मान वर करून बराच वेळ पाहावे लागते, म्हणून पाठीवरची पिशवी लॉजवरच ठेवून यावे. प्रवेशाच्या वेळा बदलत असल्याने आदल्या दिवशीच दारावर विचारून ठेवणे बरे. इथून स्टेशन रिक्षाने काही मिनिटांच्या अंतरावर आहे, त्यामुळे संध्याकाळच्या गाडीचे आरक्षण निर्धास्तपणे करता येते.