तुम्ही विचारलंत म्हणून: मांजराचा टब हॉलमध्येच का?

चपला काढून आत आलं की चहाच्या आधी हा प्रश्न येतो. "अगं, मांजराची शी-शूची पेटी हॉलमध्ये? बाल्कनीत ठेव ना." नातेवाइकांनी विचारलं, समोरच्या काकूंनी विचारलं, गॅसचं रीडिंग घ्यायला आलेल्या मुलानेही विचारलं. आजवर "असू दे हो" म्हणून विषय बदलला. एकदा सगळं नीट सांगून टाकते.

आमचं डोंबिवलीचं घर तुम्ही पाहिलंय, वन बीएचके, त्यामुळे जागा किती ते वेगळं सांगत नाही. बाल्कनी म्हणजे वॉशिंग मशीन आणि कपड्यांच्या दोऱ्या. मशीनचं स्पिन सुरू झालं की आमचा बोका भुऱ्या टबातून उडी मारून पळतो आणि मग दिवसभर तिकडे फिरकत नाही. शी करताना मांजराला आजूबाजूचं दिसावं लागतं, पळायला वाट लागते. अडचणीच्या, आवाजाच्या जागी ते बसत नाही. पायपुसण्यावर बसतं, गादीवर बसतं. आणि जून ते सप्टेंबर ग्रिलमधून तिरका पाऊस येतो, तो वेगळाच.

"मग बाथरूममध्ये." हे तर सगळेच सुचवतात, कारण व्हिडिओंमध्ये तसंच दिसतं. त्या व्हिडिओंमधली बाथरूमं कोरडी असतात. आपण बादली-मग्याने अंघोळ करणारी माणसं, फरशी दुपारपर्यंत ओली. टबात घालायला लिटर म्हणून जे मिळतं ते बहुतेक बेंटोनाइट, म्हणजे कच्छकडे सापडते तसली, पाणी शोषून फुगणारी माती. शू पडली की तिचा गोळा होतो, तेवढाच उचलून टाकता येतो, हाच तिचा सगळा उपयोग. तिच्यावर अंघोळीचं पाणी उडालं की टबभर चिखल. तोच चिखल ओल्या पंजांनी घरभर, आणि उरलेला मोरीच्या जाळीत जाऊन घट्ट बसतो. संडासात फ्लश करायचं तर नावच नको, पाइप तुंबतो. शिवाय दार! घाईत कुणीतरी कडी लावतं आणि मांजर बाहेर ताटकळतं.

"आमच्या गावी दहा मांजरं होती, असलं काही नव्हतं," हेही ऐकते. होती, कारण परसात माती होती. सातव्या मजल्यावर परस कुठून आणू? 1947 मध्ये अमेरिकेत एड लो नावाच्या माणसाने मातीचे दाणे मांजरांसाठी विकायला सुरुवात केली, ती दारं बंद करून राहणाऱ्या अशाच घरांसाठी. तोवर तिथेही लोक वाळू आणि राखच वापरत होते.

आता खरं कारण.

दिराच्या लग्नाची बोलणी आमच्याकडे होती. मुलीकडची मंडळी संध्याकाळी येणार. सकाळीच सासूबाई म्हणाल्या, "एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे. टब बाल्कनीत ठेव, दार लावून घे. मांजरालाही तिकडेच राहू दे." मी नाही म्हटलं. मोठं तत्त्व वगैरे काही नव्हतं. बाहेर धो धो पाऊस होता आणि भुऱ्या सकाळपासून जेवला नव्हता, म्हणून जिवावर आलं. ह्यांनीही मला समजावलं, मी ऐकलं नाही. शेवटी टबासमोर कपड्यांचा स्टँड उभा करून त्यावर चादर टाकली.

सकाळी टब उपसताना एक गोष्ट खटकली होती. रोज मुठीएवढे दोन-तीन गोळे निघतात. त्या दिवशी एकही धड गोळा नव्हता. नुसते साबुदाण्याएवढे कण, इथेतिथे विखुरलेले. कांदेपोह्यांच्या तयारीत मी ते मनातून काढून टाकायला बघत होते. पाहुणे बसले, ओळखीपाळखी झाल्या, आणि चादरीआडून माती उकरल्याचा आवाज यायला लागला. थांबला. परत आला. भुऱ्या बाहेर यायचा, दोन पावलं चालायचा, परत टबात. मुलीचे वडील दिराला नोकरीबद्दल विचारत होते आणि चादरीमागून एक आवाज आला, खोल, ताणलेला. तसा तो कधीच ओरडत नाही. सगळे गप्प. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी आजही सांगू शकत नाही.

मी उठून चादर बाजूला केली. तो पाठीची कमान करून बसला होता, शेपटी थरथरत होती, खाली माती कोरडी ठाक. एका दवाखान्यात फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "बद्धकोष्ठ असेल, उद्या आणा." पण ते कण माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हते. शी अडली असती तर शूचे गोळे तरी निघाले असते. बशा तशाच ठेवून, त्याला कपड्यांच्या बास्केटमध्ये घालून, भर पावसात रिक्षाने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच आतल्या टेबलावर घ्यायला सांगितलं. मूत्राशय गच्च भरलेलं, मार्ग बंद. बोक्यांचा मूत्रमार्ग मुळातच अरुंद असतो; बारीक खडे आणि चिकट स्राव मिळून त्याला बूच बसतं. शू साचली की किडन्या बंद पडायला लागतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि ते हृदयावर जातं. दीड-दोन दिवस दुर्लक्ष झालं की जीवही जाऊ शकतो. भूल देऊन कॅथेटर, म्हणजे शू काढायची नळी, घातली. पिशवीत उतरलेली शू लालसर होती. डॉक्टर म्हणाले, "सकाळवर टाकलं असतं तर मी खात्री दिली नसती."

बाल्कनीचं दार लावलेलं असतं, तर? पावसाच्या आवाजात कुणाला काय ऐकू आलं असतं? म्हणून टब हॉलमध्ये. येता-जाता तो दिसतो. भुऱ्या किती वेळा गेला, किती वेळ बसला, हे माझ्या कानांना आपोआप कळतं. ज्याला हा आजार एकदा होतो त्याला तो परत होऊ शकतो.

तरी तुमचं म्हणणं मला कळत नाही असं नाही. मांजर आणायच्या आधी मीच म्हणायचे, माणसं बसतात-जेवतात तिथे असलं काही नको. ती मी आजही मला पूर्ण चुकीची वाटत नाही. सासूबाई याच हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. रात्री दोनला तो माती उकरतो तेव्हा त्यांना जाग येते. त्या बोलत नाहीत, कूस बदलतात. याला माझ्याकडे उत्तर नाही.

वासाचं मात्र ऐकून घेणार नाही. टब म्हणजे साठ लिटरचा साठवणीचा डबा आहे, एक बाजू कापून आत शिरायला वाट केलेली. भिंती उंच, त्यामुळे दाणे उडत नाहीत. माती चार बोटं. सकाळ-संध्याकाळ उपसते. गोळे कागदात गुंडाळून, पिशवीवर लिहून कचरावाल्या ताईंच्या हातात वेगळे देते. सुवासिक लिटर आणत नाही. वास आपल्यासाठी असतो, मांजर नाक मुरडून दुसरी जागा शोधतं. टब धुवायला साधा भांड्यांचा साबण. फिनाइलला घरात बंदी आहे, त्यातली द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा आठवड्याच्या शेवटी वास येतो. येतो, मान्य. उरलं पंजांतून पडणारं. काथ्याच्या पायपुसण्यात दाणे अडकून बसायचे, आता जाळीचं रबरी मॅट आहे. तरी सकाळी अनवाणी चाललं की पायाला दाणे लागतातच.

ते लग्न झालं. त्या दिवशीची मुलगी आता माझी धाकटी जाऊ आहे. "पाहुण्यांना सोडून मांजराला घेऊन गेल्या" हे तिच्या माहेरी अजून निघतं. ते खरं आहे. तिला दिवस गेले तेव्हा ती आमच्याकडे यायची थांबली, टॉक्सोप्लाझ्माच्या भीतीने. मांजराच्या शीमधून येणारा हा जंतू पोटातल्या बाळाला बाधू शकतो. मी सांगितलं होतं की भुऱ्या कधी बाहेर जात नाही, कच्चं मांस खात नाही. त्या जंतूची अंडी शीमधून बाहेर पडल्यावर किमान एक दिवस तरी बाधत नाहीत, आणि मी तर रोज दोनदा साफ करते. तिच्या डॉक्टरांनी लिटरला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं, ते बरोबरच होतं. पण घरीच यायचं नाही? मला लागलं ते. तिच्या जागी मी काय केलं असतं, हे मात्र मला छातीठोक सांगता येत नाही.

आता तिचं बाळ रांगायला लागलंय आणि दिवाळीला ते सगळे इथे येणार आहेत. रांगणारं पोर सरळ टबाकडे जाणार, दाणे तोंडात घालणार. यावर वाद नाही. टब बेडरूममध्ये, आमच्या पलंगाच्या पायथ्याशी न्यायचा आणि रात्री दार उघडं ठेवायचं, असं ह्यांचं नि माझं ठरलंय. सासूबाईंची झोपही होईल. तिथे भुऱ्या जाईल का, ते बघायचं. एकदम उचलून नेला तर तो जुन्याच कोपऱ्यात फरशीवर बसेल, म्हणून रोज वीतभर सरकवतेय. या आठवड्यात आलात तर टब बेडरूमच्या दारातच मध्ये असेल, जरा ओलांडून या.