कलेजी घेताना बकरी कुठं चरली तेही विचारा

आपल्याकडं बाईचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलं की पहिला सल्ला ठरलेला, कलेजी खा. सल्ला चुकीचा नाहीच, कलेजीत लोह भरपूर असतं आणि ते अंगी पण लागतं. माझ्या बहिणीचं रक्त कमी झालं तेव्हा मावशीनं तिला दर रविवारी कलेजी-गुर्दा काळ्या मसाल्यात परतून भाकरीबरोबर खायला घातला, मायेनं, समोर बसून. माझं बोलणं त्यातल्या गुर्द्याबद्दल आहे.

शिसं आणि कॅडमियम, दोन्ही विषारी धातू, जनावराच्या पोटात गेलं की मटणात फार कमी उतरतं, लिव्हर आणि किडनीत साठतं, आणि शिसं तर हाडात जाऊन वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. युरोपातली कॅडमियमची मर्यादाच बघा ना, गाय-मेंढीच्या मांसाला किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, कलेजीला ०.५ आणि गुर्द्याला १, म्हणजे गुर्द्याला मांसाच्या वीसपट सूट, कारण तिथं साठणार हे धरूनच चालतात. कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा, जंतू मरतील, धातू आहे तिथंच राहतो. जनावर जितकं वयस्कर तितका साठा जास्त, म्हणून कोवळ्या बोकडाचा गुर्दा आणि चार-पाच वेतं झालेल्या शेळीचा गुर्दा एक समजू नका.

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं आणि कॅडमियम जास्त शोषून घेतं. म्हणजे ज्या बाईला रक्त वाढावं म्हणून आपण हे खायला घालतो तिच्याच अंगात ते जास्त मुरणार. कॅडमियम माणसाच्या किडनीत गेलं की निम्मं व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात.

आता हे जनावरात येतं कुठून. मराठवाड्यात लाईटचा भरोसा नाही म्हणून घरोघरी इन्व्हर्टर, आणि बॅटरी मेली की ती जाते भंगारात नाहीतर गोठ्यामागं. आमच्या भागातल्या एका दुकानामागं मी बघितलंय, फोडलेल्या बॅटरीच्या करड्या प्लेटा उघड्यावर, त्यांच्यावरून पांढरट भुकटी सुटलेली, आणि दोन काळ्या उस्मानाबादी शेळ्या त्या प्लेटा चाटतायत. शिशाच्या क्षारांना गोडसर चव असते आणि दुष्काळात चाऱ्यात क्षार नसले की जनावर दिसेल ते चाटतं, हाडं, चिंध्या, माती. शिसं जास्त गेलं की जनावर आंधळ्यासारखं भिंतीला डोकं लावून उभं राहतं, दात खातं, थरथरतं, आपण म्हणतो पान लागलं, आणि मरायच्या आत कापून मोकळे होतो! तेच मटण चार घरी जातं. असं जनावर कापू नका हो, आधी डॉक्टरला दाखवा.

कॅडमियम हळू येतं. फॉस्फेटच्या खतात ते थोडं असतंच, शिवाय कारखान्यांचं पाणी मिसळलेल्या नाल्याकाठचं गवत. बरं, फक्त मटणालाच दोष देता येत नाही, धान्य आणि पालेभाजी आपण रोज खातो म्हणून त्यातून पण जातंच, आणि तंबाखूच्या पानात तर ते चांगलंच साठतं, तेव्हा विडी ओढणाऱ्यांनी आधी विडी बघावी.

मी आता आमच्या मटणवाल्या चाचांना सरळ सांगते, चाचा, कोवळ्या बोकडाचीच कलेजी द्या, गुर्दा राहू द्या. आणि माल कुठला तेही विचारते. रानात चरलेला असेल तर बिनधास्त घेते, शहराच्या कचऱ्यावर फिरणारा असेल तर नाही. चाचांनी चरबीतनं सोलून गुर्दा दाखवला, लालबुंद, चकचकीत, एकदम ताजा. पण डोळ्याला धातू दिसत नाही, तपासणाऱ्यालाही नाही, त्याला लॅबच लागते. आपल्याकडं परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, तिथल्या लोकांनी दरवर्षी बाजारातले थोडे गुर्दे आणि कलेज्या उचलून तपासाव्यात आणि आकडे गावात लावावेत, एवढी मागणी पंचायत समितीत कुणीतरी लावून धरा, मी सही करायला तयार आहे.

तोवर शेळ्या पाळणाऱ्यांनी गोठ्यात क्षारांची चाटण वीट टांगा आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता नवी घेतली त्या दुकानातच परत करा, २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवरच आहे.