ग्रॅशॉफ शिकवायचे तो विभाग

टीओएमच्या, म्हणजे थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपरला ग्रॅशॉफचा नियम (चार दांड्यांच्या जोडणीतला एखादा दांडा पूर्ण गोल फिरू शकेल का, हे सांगणारा) पाठ करून गेलेल्या तमाम सोलापूरकरांनो, ते ग्रॅशॉफ मी सध्या शिकतो त्याच विभागात प्राध्यापक होते! इथे जर्मनीत, कार्ल्सरूहला आल्यावर हे कळलं आणि अंगावर काटा आला.

इथली ही तंत्रशिक्षण संस्था १८२५ची. आपली सोलापूरची जुनी मिल १८७७ची, म्हणजे ही संस्था तिच्याही अर्धशतक आधीची. पण मेकॅनिकलचा इथला खरा इतिहास १८४१ साली फर्डिनांड रेडटेनबाखर आले तिथून सुरू होतो. तेव्हा इंग्लंडचे कारागीर अनुभवाच्या जोरावर यंत्रं बांधत आणि पॅरिसचे विद्वान गणितं मांडत. रेडटेनबाखरांचं म्हणणं होतं की यंत्र बांधण्याआधी त्याचा हिशोब मांडता यावा, आणि तो हिशोब कारखान्यात उपयोगी पडावा. टर्बाइन, पाणचाकं, रेल्वे इंजिनं, सगळ्यांवर त्यांनी याच दृष्टीने पुस्तकं लिहिली.

लोअर पेअर, हायर पेअर या यंत्रातल्या सांध्यांच्या प्रकारांवाले रूलो त्यांचेच विद्यार्थी. १८६०मध्ये कार्ल बेंझ नावाचा पंधरा वर्षांचा मुलगाही इथे दाखल झाला. १८६३ला रेडटेनबाखर वारले, त्यांच्या जागी ग्रॅशॉफ आले. बेंझच्या मोटारीला पेटंट मिळालं १८८६चं.

२००९ साली विद्यापीठ आणि इथलं मोठं संशोधन केंद्र एक होऊन केआयटी, म्हणजे कार्ल्सरूह इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी झालं. संशोधन, अध्यापन आणि नवनिर्मिती ही त्याची जाहीर ध्येयं. शब्द चांगले आहेत, पण मला रेडटेनबाखरांचा तो जुना आग्रहच जास्त मोलाचा वाटतो.

कारण तो आपल्याला थेट लागू पडतो. यंत्रमागावर बाण्याचा धागा ठोकणारी फणी मागे-पुढे झुलते, आणि तिला हलवणारा क्रँक मात्र पूर्ण गोल फिरतो. क्रँक, त्याला जोडलेला दांडा, फणीचा झुलता आधार आणि मागाचा सांगाडा, झाले ग्रॅशॉफच्या नियमातले चार बार, म्हणजे चार दांडे! पुस्तकातली आकृती आपल्या गावात दिवसरात्र खडखडत असते, आणि आपण ती फक्त वहीत काढतो. माग लावणारा जॉबर आणि आपला वर्ग यांची भेट अभ्यासक्रमातच व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा सोलापूरच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलामुलींनो, मालकाला विचारून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात जा. माग बंद असताना चारही लांब्या मोजा. सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी भरते का बघा (हाच ग्रॅशॉफचा नियम), आणि आकडे मला कळवा.