धरमतर ते गेटवे: पोहणं नंतर, आधी होडी बघा

निकाल आधीच सांगून टाकते. मोठ्या लाँचसोबत दुसरी, कमी उंचीची होडी नसेल तर धरमतरच्या जेट्टीवरून पाण्यात उतरू नका. सराव वाया गेला तरी चालेल, सुट्टी आणि पैसे गेले तरी चालतील. मी उतरले, कारण "छोटी होडी रेवसला येऊन मिळेल" असं मला त्या रात्री तोंडावर सांगितलं गेलं. ती खाडीच्या मुखावरच्या रेवसला आली नाही आणि गेटवेपर्यंतही आली नाही.

धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे ३६ किलोमीटर अंतर पोहणाऱ्यांना माहीत आहे. इंग्लिश खाडीची तयारी करणारे बरेच जण आधी हेच पोहतात. त्यामुळे किती सराव करावा, अंगाला काय चोळावं, कुठला चष्मा धुरकट होत नाही, यात मी शिरत नाही. सहा-सात तास सलग पोहता येत नसेल तर हा वृत्तांत तुमच्यासाठी नाही. अलिबागला केलेला सराव छान झाला, त्याबद्दलही सांगण्यासारखं काही नाही. मला सांगायचं आहे ते होडीबद्दल, कारण याबाबतीत नवख्या माणसाला सर्रास फसवलं जातं.

आमचा व्यवहार एका मध्यस्थामार्फत झाला. त्याने लिहून दिलं होतं: एक लाँच, एक छोटी होडी, बंदरातलं पाणी ओळखणारा तांडेल (होडीचा प्रमुख), शिडी, लाइफ जॅकेट. प्रत्यक्षात मध्यरात्री जेट्टीला लागला तो मासेमारीचा ट्रॉलर. त्याचा काठ पाण्यापासून माणसाच्या छातीइतका उंच, बाजूला टायर बांधलेले, शिडी नाही. ठरलेला तांडेलही नव्हता. त्याच्या जागी एक तरुण मुलगा होता. स्वभावाने चांगला, पण पोहणाऱ्या माणसासोबत होडी चालवायची त्याची ही पहिलीच वेळ, असं त्याने माझ्या प्रशिक्षक सरांना नंतर सांगितलं. लाइफ जॅकेट होती, पण होडीवरच्या माणसांपेक्षा कमी. १८ डिसेंबर २०२४ ला याच बंदरात एलिफंटाला जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं बुडाली. त्यानंतरही जॅकेट मोजून घ्यावी लागतात, याचा मला संताप येतो. मोजून घ्या. पोहणाऱ्यासाठीही एक धरा.

काठाची उंची एवढी महत्त्वाची का? शुद्धीवर असलेला थकलेला माणूस टायर धरून कसाबसा वर चढेल. पेटके आलेला, उलट्या करून गळून गेलेला किंवा जेलीफिशने गळ्याला-तोंडाला चाबकारलेला माणूस चढणार नाही. त्याला वरून ओढायला तीन धडधाकट माणसं लागतात आणि तेवढ्या वेळात ट्रॉलर लाटेवर वरखाली होत त्याच्याच अंगावर येतो. छोट्या होडीतून एकटा माणूसही काखेत हात घालून आत घेऊ शकतो. कयाक असेल तर उत्तमच, पण कयाकवाल्याला रात्रीचं पाणी आणि ओहोटीची ओढ माहीत हवी. बाहेरच्या तलावातून आणलेला हौशी माणूस इथे कामाचा नाही.

आता पाण्याच्या वेळेचं बघू, कारण तांडेल चांगला की वाईट ते इथेच कळतं. हे पोहणं एका ओहोटीवर आणि तिच्या पाठोपाठच्या भरतीवर होतं. धरमतरला भरती पूर्ण झाली की उतरायचं. ओहोटी खाडीतून रेवस-करंजाच्या मुखापर्यंत आणते. तिथून पुढे बंदराचं उघडं पाणी लागतं. कोकणात भरतीच्या वेळेचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. तृतीयेला सव्वादोन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. तक्ता मिळाला तरी हा हिशेब तोंडी करता यायला हवा. तक्त्यातली वेळ अपोलो बंदरची असते आणि खाडीच्या आतल्या टोकाला भरती त्याहून उशिरा भरते, हे विसरू नका. तक्त्याच्या मिनिटावर उतरलात तर पहिला पाऊण तास जागच्या जागी हात मारत बसाल.

भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीला जोर कमी आणि पाणी शांत असतं म्हणून नवखे तीच तारीख घेतात. मला ते पटत नाही. अष्टमीच्या आसपास भरती सकाळी सहाला येते, म्हणजे गेटवे गाठेपर्यंत दुपार कलते आणि वायव्येचा खारा वारा समोरून तोंडावर येतो. संध्याकाळच्या सहाच्या भरतीवर निघालात तर जहाजांचा मार्ग मध्यरात्रीच्या अंधारात ओलांडावा लागतो. तृतीया ते पंचमीला पाण्याला जोर असतो, पण पहाटे निघून दुपारी एकच्या आत पोहोचता येतं आणि सकाळभर मतलई (जमिनीकडून येणारा) वारा पाठीशी राहतो. मी वद्य तृतीया घेतली, पुढच्या वेळीही तीच घेईन. मात्र जोराच्या पाण्यात कच्चा तांडेल चालत नाही.

खाडीतला टप्पा पटकन सांगते. पाणी गढूळ, आपलाच हात दिसत नाही, काठाला खारफुटी. डोलवीच्या कारखान्याचे बार्ज याच खाडीतून जातात, त्यामुळे होडीवर नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, एक माणूस फक्त पुढे बघायला बसवा. त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका. पोहणाऱ्याच्या पाठीवर एक आणि टोपीवर एक अशा दोन ग्लो स्टिक लावा. होडीवरून टॉर्च मारू नका, डोळे दिपतात आणि पुढची पाच मिनिटं काहीच दिसत नाही. काठाला एक मंद दिवा टांगून ठेवा, आपण त्याच्या बरोबरीने जायचं. उजाडेपर्यंत रेवस आलं. इथवर मी खुशीत होते.

पुढचं मात्र फार वाईट.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. रेवसपासून गेटवे वायव्येला. ओहोटीचं पाणी बंदरातून नैऋत्येला, समुद्राकडे वाहतं. भरतीचं ईशान्येला, न्हावा आणि एलिफंटाकडे. म्हणजे दोन्ही वेळा पाणी आपल्याला आडवं जातं. जाणता तांडेल ओहोटीचा शेवटचा तासभर वापरून पोहणाऱ्याला मांडव्याच्या अंगाला, पश्चिमेकडे सरकू देतो. मग भरती लागली की ती ढकलत ढकलत गेटवेच्या तोंडाशी आणते. आमच्या मुलाने करंजा-उरणची बाजू धरून ठेवली, कारण इंजिनाची होडी तिथूनच जाते. इंजिनाला पाण्याची आडवी ओढ जाणवत नाही, माणसाला जाणवते. पाणी फिरलं तेव्हा आम्ही पूर्वेला होतो आणि भरतीने आम्हाला उचलून एलिफंटाच्या दिशेला लावलं.

ताजचा घुमट दिसत होता. मी जीव तोडून हात मारत होते आणि तो घुमट तेवढाच राहिला. अर्धा तास, एक तास, दोन. प्रत्येक वेळी ग्लुकोजची बाटली घेताना उजवीकडे बघायचे, तर एलिफंटाचा डोंगर आणखी जवळ आलेला. हात थकले तर विश्रांतीने भरून येतात, पण पुढे सरकत नाही हे कळल्यावर मन थकतं ते वाईट.

त्यात समोर नांगर टाकून उभं असलेलं मालवाहू जहाज आलं. उभ्या जहाजाची भीती वाटत नाही, म्हणून हे नीट वाचा. जहाज हलत नसतं, पण पाणी त्याच्याकडे धावत असतं आणि त्या पाण्यात आपण असतो. नांगराच्या साखळीवर किंवा जहाजाच्या पुढच्या टोकावर पाणी माणसाला नेऊन चिकटवतं आणि तिथून खाली ओढतं. सरांनी शिट्टी मारली, मी दिशा बदलली आणि साखळीपासून फार तर दोन होड्यांच्या अंतरावरून निघाले. ट्रॉलर मध्ये येऊ शकत नव्हता. तो आला असता तर तोही साखळीत गेला असता. ही जागा छोट्या होडीची होती. उभ्या जहाजाला नेहमी त्याच्या मागच्या बाजूने ओलांडा, म्हणजे पाणी आपल्याला त्याच्यापासून दूर नेतं.

आणि याच वेळी, मी पाण्यात असताना, वर पैशांची बोलणी चालू होती. किनाऱ्यावरून मध्यस्थाचा फोन आला: पाणी फिरलं, डिझेल जास्त लागणार, आठ हजार वाढवा, नाहीतर होडी वळवायला सांगतो. माझ्या भावाने फोनवरूनच पैसे पाठवले. त्याने दुसरं काय करायचं होतं? बहीण पाण्यात असताना कोण घासाघीस करेल? हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच तो फोन त्या वेळी केला. याला मी लूट म्हणते.

वाचवलं ते एका म्हाताऱ्या कोळ्याने. डोल जाळी बांधायच्या खुंटांजवळ त्याची छोटी होडी होती. आमचं चाललेलं बघून तो स्वतःहून आला आणि आमच्या मुलाला ओरडून म्हणाला, "ताज बघू नको, प्राँगचा दिवा बघ!" प्राँग्जचं दीपगृह कुलाब्याच्या दक्षिण टोकाला. तिकडे तोंड केलं की भरती जितकं ईशान्येला ढकलते तितकं आपण पश्चिमेला जातो आणि बेरजेत गेटवे येतं. मला म्हणाला, "ताई, पानी आता आपला हाय, फकस्त माज्याकडं बघ." तो शेवटपर्यंत माझ्या डाव्या हाताला राहिला. तासाभरात घुमट मोठा दिसायला लागला. तेव्हा मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. अंगात नवीन माणूस शिरल्यासारखे हात चालले. त्याने फक्त डिझेलचे पैसे घेतले, तेही भावाने खिशात कोंबले म्हणून.

म्हणून तांडेल असा निवडा. मध्यस्थाला नको, त्यालाच भेटा. रेवस, करंजा, मोरा किंवा भाऊच्या धक्क्यावर जा, चहा प्या आणि एकच प्रश्न विचारा: ओहोटी संपताना माणसाला कुठल्या अंगाला ठेवाल? "सरळ नेतो की" म्हणाला तर नमस्कार करून उठा. मांडव्याचं किंवा बंदरातल्या संक रॉकच्या दिव्याचं नाव काढून तो टेबलावर बोटाने पाणी कसं फिरतं ते दाखवायला लागला, तर तिथेच बयाणा द्या. भाड्याचा एक तृतीयांश आधी, उरलेलं गेटवेला उतरल्यावर, आणि डिझेल धरून एकच रक्कम कागदावर. तांडेलाचं नाव आणि होडीचा नोंदणी क्रमांक त्याच कागदावर घ्या. रात्री वेगळी होडी आली तर उतरायचं नाही, हे घरच्यांसमोर आधीच ठरवा.

होडी कुठल्या बाजूला ठेवायची यावर लोक वाद घालतात. माझं मत ठाम आहे: वारा पोहणाऱ्याकडून होडीकडे जायला हवा. डिझेलचा धूर तोंडावर येत नाही आणि इंजिन बंद पडलं तर होडी अंगावर येत नाही. वाऱ्याचा आडोसा मिळतो म्हणून उलट बाजू सुचवणारे आहेत, पण चार तास धूर गिळल्यावर पोटात काही टिकत नाही, हे मी अनुभवलंय. याचसाठी दोन्ही बाजूंनी श्वास घेण्याची सवय करा. बाटली दोरीला बांधून फेकायची आणि तेव्हा इंजिन न्यूट्रलमध्ये हवं. पंखा फिरत असताना होडीच्या मागच्या बाजूला कधीही जायचं नाही, गॉगल वाहून गेला तरी नाही.

बाहेर काढायचा निर्णय कोणाचा, हे जमिनीवर असताना ठरवा. इंग्लिश खाडीत तो अधिकार होडीच्या पायलटकडे असतो आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. आपल्याकडे प्रशिक्षक एक म्हणतो, आई दुसरं, पोहणं नियमाने झालं का ते बघणारा निरीक्षक तिसरं. एकच माणूस नेमा आणि शक्यतो तो नातेवाईक नको. आमच्याकडे सर होते. दर बाटलीला ते मला घरचा पत्ता विचारत. उत्तर अडखळलं की बाहेर, असं ठरलं होतं.

होडीवर व्हीएचएफ रेडिओ हवा आणि त्यावर संकटाच्या हाकेचा चॅनल १६ चालू हवा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. परवानगीची पत्रं पोर्ट, मेरीटाईम बोर्ड आणि यलो गेट पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचली आहेत, याच्या शिक्का मारलेल्या प्रती स्वतः बघा. "करून ठेवतो" या शब्दावर जाऊ नका. एक संच होडीवर, एक गेटवेला थांबणाऱ्या माणसाकडे.

आणि त्या माणसाला एवढं नक्की सांगा: गेटवेच्या पायऱ्यांवर शेवाळ आणि धारदार शिंपले आहेत, पाय कापतात. आधार द्यायला त्याने खालच्या पायरीवर उभं राहावं, पण तुम्ही स्वतःच्या पायांवर पाण्याबाहेर येऊन निरीक्षकाची शिट्टी वाजेपर्यंत हात लावू नये. आनंदाच्या भरात घरचेच आधी धावतात आणि हात लावून पोहणं बाद करून बसतात.