रिकाम्या सभागृहातली टाळी

सोमवार, रात्री साडेअकरा

आज सभागृहात सगळ्यांच्या आधी पोहोचले. अर्धेच दिवे लागलेले, खुर्च्या रिकाम्या. मंचासमोर उभं राहून एक टाळी वाजवली. आवाज भिंतींवरून फिरला, छताशी रेंगाळला आणि विरला. संध्याकाळी माणसं येऊन बसली, तेव्हा तीच जागा वेगळी वाजली. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पिऊन टाकतात. तेव्हापासून जर्मनीतल्या लाइपझिग शहराचं गेवान्टहाउस हे संगीत-सभागृह मनातून जात नाहीये.

गेवान्टहाउस म्हणजे कापडवाल्यांचं घर. कापडाच्या व्यापाऱ्यांच्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर, 1781 साली एक लाकडी सभागृह बांधलं. जेमतेम पाचशे माणसांचं. लोक मंचाकडे तोंड करून नव्हे, तर लांबीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसत. ऐकताना समोरच्याचा चेहरा दिसायचा. हे मला फार मोलाचं वाटतं. आज आपण अंधारात दुसऱ्याच्या डोक्यामागे बसतो आणि समोरचा चेहरा आपल्याला दिसतच नाही. तिथल्या भिंतीवर सेनेका या रोमन तत्त्वज्ञाचं वाक्य होतं: खरा आनंद ही गंभीर गोष्ट आहे.

1835 मध्ये संगीतकार मेंडेल्सोन तिथल्या वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. संगीतकार शुबर्टची मोठी सी मेजर सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना, 1839 साली पहिल्यांदा वाजली ती याच लाकडी खोलीत. शुबर्ट जाऊन तेव्हा दहा वर्षं उलटली होती. संगीतकार शुमानला व्हिएन्नात तिचं हस्तलिखित सापडलं नसतं तर? या विचाराने आजही जीव कासावीस होतो.

पुढे जागा अपुरी पडू लागली आणि 1884 मध्ये दुसरं, मोठं गेवान्टहाउस उभं राहिलं. आयताकृती, उंच. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये सिंफनी हॉल बांधायचं ठरलं तेव्हा नमुना म्हणून हेच समोर होतं. पण त्याआधी सेबीन या तरुण प्राध्यापकाने एक चिकाटीचं काम केलं होतं. हार्वर्डच्या एका व्याख्यानकक्षात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, काहीच कळायचं नाही. सेबीन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून तिथे मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, स्टॉपवॉच धरून आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा आणि गाद्या परत नेऊन ठेवायचा. जागा मोठी तर घुमणं जास्त, शोषणारं सामान जास्त तर घुमणं कमी, हे त्याने आकड्यांत बसवलं. 1900 साली उघडलेला बोस्टनचा हॉल हा असा हिशेब मांडून बांधलेला पहिला. हलकंफुलकं संगीत असतं तेव्हा तिथे खालच्या खुर्च्या काढून टेबलं मांडतात.

लाइपझिगचा मूळ नमुना मात्र दुसऱ्या महायुद्धात, 1943-44 च्या बॉम्बहल्ल्यांत जळाला. भग्न भिंती चोवीसएक वर्षं तशाच उभ्या होत्या, 1968 मध्ये त्याही पाडल्या. म्हणजे त्या सभागृहाचा नाद ऐकायचा तर समुद्रापलीकडे, त्याच्यावरून घडलेल्या हॉलमध्ये जायला हवं. नुसतं लिहितानाही गलबलून येतं.

तिसरं गेवान्टहाउस 1981 चं. ते फक्त वाजवण्यापुरतं राहिलं नाही. 9 ऑक्टोबर 1989 ला सुमारे सत्तर हजार माणसं पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीविरुद्ध लाइपझिगच्या रस्त्यांवर उतरली. गोळीबार होईल अशी भीती होती. शांत राहण्याचं आवाहन ध्वनिक्षेपकांवरून ऐकू आलं, ते वाद्यवृंदाचा संचालक कुर्ट माझुर याच्या आवाजात. त्याच महिन्यात त्याने सभागृहाचं दार लोकांच्या खुल्या चर्चेसाठी उघडलं. मला तर सभागृहाचा हा सगळ्यात मोठा उपयोग वाटतो.

बोलणं आणि वाजवणं यांना एकच खोली सारखी मानवत नाही. वाद्यवृंदाला दोनेक सेकंदांचं घुमणं हवं, शब्दांना एका सेकंदाच्या आसपास पुरतं. उद्या सकाळी आमच्याकडे व्याख्यान आहे. बाजूचे जाड पडदे ओढून घ्यायला लवकर जायचंय. झोपायला हवं.